तोल तपासायचा, तर आधी औषधांची पिशवी उघडा

सत्तरी ओलांडलेलं माणूस 'तोल जातो' म्हणून फिजिओथेरपीला येतं, तेव्हा सोबतच्या मुलाला किंवा सुनेला वाटत असतं की आजच व्यायाम सुरू होतील. तसं होत नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं आमच्याकडे बोलण्यात आणि औषधांच्या पिशवीत जातात, आणि बऱ्याचदा निम्मं उत्तर तिथेच सापडतं. पहिल्या भेटीपासून बाराव्या आठवड्याच्या फेरतपासणीपर्यंत काय केलं जातं, कशासाठी केलं जातं आणि गाडी कुठे अडते, ते पुढे मांडलं आहे. गुडघा आणि कंबर सगळ्यांच्या ओळखीचे असतात, म्हणून भर मेंदूवर आहे.

'चक्कर येते' एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, "आजी, चक्कर हा शब्द सोडून सांगा, नेमकं काय होतं?" मग मराठी मदतीला येते. 'घर गरगर फिरतं' म्हटलं की रोख आतल्या कानाकडे. 'डोळ्यांपुढे अंधारी येते', 'भोवळ येईलसं वाटतं' म्हटलं की आधी रक्तदाब. 'डोकं अगदी ठीक आहे हो, पण पाऊल सरळ पडत नाही, भिंत धरावीशी वाटते' हे ऐकलं की पाय, मज्जारज्जू आणि मेंदू बघायचे. 'डोकं जड, तरंगल्यासारखं' असेल तर बहुतेक वेळा गोळ्या, अपुरी झोप किंवा धास्ती.

दुसरा प्रश्न, कधी? कूस बदलताना, फळीवरचा डबा काढताना मान वर केल्यावर? अंथरुणातून उठून चार पावलं गेल्यावर? दादरच्या पुलावरच्या गर्दीत? की बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण डोळे मिटताच जो पुढे झोकांडतो त्याच्या पायांकडून मेंदूला पुरेशी खबर जात नसते, आणि हे पुढच्या सगळ्या तपासणीआधीच कळतं.

इथेच काही जणांना आम्ही थांबवतो आणि थेट रुग्णालयात पाठवतो. चक्कर अचानक आली आणि सोबत बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, नव्याने तीव्र डोकेदुखी आली किंवा आधाराशिवाय बसताही येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे व्यायामशाळेचं काम नाही.

आता मेंदूकडे. उभं राहण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. डोळे, आतल्या कानातली तोलाची इंद्रियं, आणि तळपाय-घोट्यांतली स्पर्शाची व सांध्यांची जाणीव. निरोगी माणूस उजेडात, टणक जमिनीवर उभा असतो तेव्हा मेंदू साधारण ७० टक्के भिस्त पायांवर ठेवतो, २० टक्के कानावर आणि उरलेली १० टक्के डोळ्यांवर. हे वाटप कायमचं नसतं. वाळूत पाय पडला, गादीवर उभं राहिलं, एसटीच्या पायरीवर चढलं, की पायांचा भाव उतरतो आणि कानाचा चढतो. तरुण मेंदू हा फेरबदल क्षणात करतो. म्हातारपणी अडतं ते मुख्यतः इथे. इंद्रियं थोडी झिजतातच, पण त्याहून त्रासदायक म्हणजे कुणावर किती विश्वास ठेवायचा हे बदलायला मेंदू उशीर लावतो.

या उशिरामागे रसायनं आहेत. गाबा हे मेंदूतलं आवर घालणारं रसायन. सभेत सगळे एकदम बोलू लागले तर 'तुम्ही जरा थांबा, यांना बोलू द्या' म्हणणारा अध्यक्ष लागतो, ते काम याचं. वय वाढतं तसं मेंदूच्या पृष्ठभागातलं गाबा कमी होतं, आणि वेगवेगळे संदेश एकमेकांत मिसळतात. पायाकडून आलेली खबर आणि हाताकडून आलेली खबर मेंदूत पूर्वीइतक्या वेगळ्या उमटत नाहीत. डोपामाइनचं यंत्र तर तरुणपणापासूनच उतरणीला लागतं. त्याच्या ग्राहींची, म्हणजे पेशींवरच्या त्याचा संदेश टिपणाऱ्या जागांची, संख्या दर दशकाला साधारण ५ ते १० टक्क्यांनी घटते. हालचाल किती मोठी, किती वेगाने करायची हे मापून देणं डोपामाइनच्या वाट्याला आहे. ते कमी पडलं की ठेच लागल्यावर टाकलेलं सावरायचं पाऊल योग्य दिशेनेच पडतं, पण आखूड पडतं. असेटिलकोलिन लक्ष देण्याचं काम पाहतं. मेंदूच्या देठातल्या एका छोट्या केंद्रातून ते चालण्याच्या आणि तोलाच्या मार्गांवर उतरतं. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये वारंवार पडणाऱ्यांत हाच पुरवठा जास्त आटलेला आढळतो. डोपामाइनची गोळी देऊनही पडणं थांबत नाही, त्याचं एक कारण हे.

तिन्हींचा एकत्र परिणाम असा होतो की मेंदू सोपा मार्ग धरतो आणि डोळ्यांना चिकटतो. म्हणून म्हातारी माणसं खाली बघत चालतात. म्हणूनच त्यांना मॉलमधली चकाकती फरशी, सरकता जिना, शेजारून जाणारी बस या गोष्टी हलवून सोडतात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, म्हणजे सगळी भिस्त जिच्यावर ठेवली ती खिडकीच काजळलेली.

हे लक्षात घेतलं की औषधांची पिशवी आधी का, ते उमगतं. जी रसायनं वयानुसार आटत चालली आहेत, नेमकी तीच अडवणाऱ्या गोळ्या आपल्याकडे राजरोस, वर्षानुवर्षं घेतल्या जातात. 'सगळं आणा' असं आम्ही फोनवरच सांगतो. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पुरत नाहीत. पाकिटं हवीत, औषधवाल्याने 'सर्दीची' म्हणून दिलेली सुटी स्ट्रिप हवी, शेजारणीने दिलेली झोपेची अर्धी गोळीही हवी.

पहिली नजर चक्करीच्याच गोळ्यांवर. प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन ही औषधं पहिल्या दोन-तीन दिवसांच्या जोरदार गरगरीसाठी, ओकारी थांबवण्यासाठी ठीक. पण ती डोपामाइनचे ग्राही अडवतात. तीन दिवसांची गोळी तीन वर्षं चालू राहिली की पावलं आखूड होतात, चालताना एक हात झुलत नाही, चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार दिसतो, आणि घरचे म्हणतात, 'वय झालं.' अर्धशिशीसाठी दिल्या जाणाऱ्या फ्लुनारिझिनचंही तेच. सगळ्यात फसवी जागा पित्ताच्या कॅप्सुलची. पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असलेल्या कॅप्सुला आपल्याकडे सर्रास मिळतात. घेणाऱ्याच्या लेखी ती 'अॅसिडिटीची'. तीत डोपामाइन अडवणारं औषध आहे हे पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. अशा औषधाने आलेला पार्किन्सनसारखा ताठरपणा औषध थांबवल्यावर बहुतेकांत उतरतो, पण दिवसांत नव्हे, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. काहींत उतरत नाही, तेव्हा खरा पार्किन्सन आधीपासून दबा धरून होता असं निघतं.

मग असेटिलकोलिन अडवणारी. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पायांच्या जळजळीसाठी रात्री घेतलेलं अॅमिट्रिप्टिलिन, लघवीची घाई आवरणारं ऑक्सिब्युटिनिन, कंपासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल. एकेकटी चालून जातात. दोन-तीन एकत्र आली की लक्ष विस्कटतं, नजर धूसर होते, पाय घोटाळतात. झोपेच्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या गाबाचा परिणाम वाढवतात. गाबा कमी झालं आहे, मग ही चांगलीच की, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. हवी त्या जागी, हवं तेव्हा आवर घालणं वेगळं आणि संपूर्ण सभेलाच पेंग आणणं वेगळं. शिवाय कानातला बिघाड भरून काढायला मेंदूला जे नवं शिकावं लागतं, तेही या गोळ्या लांबवतात.

याखेरीज प्रोस्टेटसाठीचं टॅम्सुलोसिन, ज्याने रात्री लघवीला उठल्यावर रक्तदाब पडतो. नैराश्यासाठीची एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन आणि सोबत रक्तदाबाची थायझाइड गोळी. ही जोडी सोडियम उतरवू शकते, आणि सोडियम जरासं उतरलं तरी चाल डगमगते. मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ घसरतं. शाकाहारी घरात ते आधीच काठावर असतं.

यातली एकही गोळी आम्ही बंद करायला सांगत नाही, आणि घरच्यांनीही परस्पर बंद करू नये. क्लोनाझेपामसारखी गोळी झटक्यात थांबवली तर झटके येऊ शकतात. ती आठवड्या-आठवड्याने उतरवावी लागते. आम्ही एक पानभर चिठ्ठी लिहितो. कोणती गोळी, किती दिवसांपासून, कोणत्या तक्रारीसाठी, आता गरज आहे का. ती घेऊन डॉक्टरांकडे परत जायचं. हे काम एका आठवड्यात उरकत नाही, म्हणून व्यायाम त्यासाठी अडवून ठेवत नाही.

तपासणीची सुरुवात रक्तदाबाने. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजायचा, उभं करून एका मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहताना रक्तदाब पडतो. नेहमीची चूक म्हणजे बसवून मोजणं आणि लगेच उभं करणं. त्यात बरेच जण सुटतात.

मग सेकंदाला १२८ कंपनांचा चिमटा, म्हणजे वाजवला की थरथरणारा ट्यूनिंग फोर्क. पायाच्या अंगठ्याच्या सांध्यावर आणि घोट्याच्या आतल्या हाडावर टेकवून विचारायचं, 'थरथर जाणवते का? थांबली की सांगा.' इथे लोक दाबालाच थरथर समजून 'हो' म्हणतात. त्यामुळे मधूनच न वाजवलेला चिमटा टेकवून पाहावा लागतो. पंच्याहत्तरीनंतर अंगठ्याची थरथर गेली तर ते वयाच्या खात्यात टाकता येतं. गुडघ्यालाही कमी असेल तर वयाला दोष द्यायचा नाही, मधुमेह आणि बी-१२ तपासायचं.

कूस बदलताना गरगरतं असं सांगणाऱ्यांची, आणि न सांगणाऱ्यांचीही, आम्ही डिक्स-हॉलपाइक तपासणी करतो. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण वयाने ठिसूळ होतात, सुटतात आणि अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. म्हाताऱ्या माणसांत याची गरगर नेहमीच जोरदार नसते, कित्येकदा नुसतं 'तोल बरोबर नाही' एवढंच जाणवतं. माणसाला पलंगावर लांब पाय करून बसवायचं, मान ४५ अंश उजवीकडे वळवायची आणि पटकन पाठीवर झोपवून डोकं पलंगाच्या कडेखाली २०-३० अंश न्यायचं. डोळे उघडे ठेवायचे. दोन-चार सेकंदांनी बुबुळं वरच्या दिशेने आणि खालच्या कानाकडे पीळ घेत फडफडू लागली आणि मिनिटाच्या आत थांबली, तर उजव्या कानाच्या मागच्या नळीत कण आहेत. फडफड लगेच सुरू झाली, मिनिट उलटूनही थांबली नाही किंवा बुबुळं सरळ खाली ओढली गेली, तर मेंदूविकारतज्ज्ञ.

कण सापडले तर तिथल्या तिथे ते नळीतून बाहेर काढणारी एप्लीची क्रिया. त्याच स्थितीत फडफड थांबेपर्यंत, साधारण मिनिटभर थांबा. मग डोकं तसंच खाली ठेवून ९० अंश डावीकडे वळवा, पुन्हा मिनिटभर. मग डाव्या कुशीवर वळवून नाक जमिनीकडे, पुन्हा मिनिटभर. शेवटी हनुवटी छातीशी ठेवून पाय डावीकडे सोडून उठवा आणि लगेच सोडू नका, खांद्याला धरून ठेवा, कारण उठताक्षणी मागे कोसळण्याची ओढ लागते. बिघडतं ते घाईने. प्रत्येक टप्प्यावर मिनिटाऐवजी दहा सेकंद दिले तर कण परत नळीतच घसरतात. मान आखडलेली असेल तर डोकं खाली सोडण्याऐवजी खांद्यांखाली उशी घालायची, किंवा कुशीवर झोपवून करायची पद्धत वापरायची. एक ते तीन वेळांत बहुतेकांची गरगर जाते. तोल मात्र लगेच सुधारत नाही, वृद्धांत तर काही आठवडे रेंगाळतो, आणि घरचे म्हणतात 'उपचार लागू पडला नाही.' कण जागेवर गेले, पण कानावरचा मेंदूचा उडालेला विश्वास अजून परत आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या विश्वासाचा हिशोब चार उभ्या चाचण्यांत होतो. अनवाणी, दोन्ही पावलं जवळ, हात छातीवर घडी, प्रत्येकी ३० सेकंद. टणक फरशी डोळे उघडे, टणक फरशी डोळे मिटून, फोमवर डोळे उघडे, फोमवर डोळे मिटून. डोळे उघडले, हात सुटले किंवा पाऊल हललं की घड्याळ बंद. फोमचा तुकडा साधारण ५० बाय ४० सेंटीमीटर, ६ सेंटीमीटर जाड. गादीवाल्याकडचा मऊ फोम वजनदार माणसाखाली तळाला टेकतो, मग परीक्षा फरशीवरचीच होते आणि आकडा खोटा चांगला येतो. कापसाची गादी तर नकोच, तिच्यात खड्डे असतात. फोमखाली घसरू न देणारी रबरी जाळी हवी, आणि एक माणूस पाठीमागे, हात न लावता, पण पकडता येईल इतक्या जवळ.

दुसऱ्या चाचणीत डगमगला तर पायांची खबर कमी. तिसरीत डगमगला तर सगळा भार पायांवर टाकायची सवय आहे आणि पाय फसले की डोळेही सावरून घेत नाहीत. चौथीत ना डोळे, ना धड पाय. फक्त कान उरतो. सत्तरीनंतरचे अनेक जण पहिल्या तीन व्यवस्थित पार करून चौथीत दहा सेकंदही टिकत नाहीत, आणि स्वतःच चकित होतात, कारण दिवसा, घरात, उजेडात ते ठणठणीत असतात. रात्री, गादीवरून उठून, दिवा न लावता बाथरूमकडे जाणं ही जवळजवळ चौथीच चाचणी असते.

शेवटी चालणं. हात असलेल्या खुर्चीतून उठून नेहमीच्या वेगाने ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. मग तेच पुन्हा, पण डोक्याला काम देऊन. इथे आमच्या पिढीच्या वृद्धांबाबत एक गंमत आहे. 'पाढे म्हणा' म्हटलं तर ते पावकी-निमकीसुद्धा घडाघडा म्हणत चालतात आणि वेळ तिळभर वाढत नाही. ते पाठांतर आहे, त्याला लक्ष लागत नाही. म्हणून उलटे महिने विचारतो. फाल्गुन, माघ, पौष... मार्गशीर्षापाशी पाय थबकतात. बोलता बोलता चाल थांबणं ही लक्षाच्या तुटवड्याची घरगुती चाचणी म्हणावी इतकी बोलकी गोष्ट आहे. चालायला आता लक्ष द्यावं लागतं, आणि लक्ष एकच शिल्लक आहे.

व्यायामात आम्हाला मेंदूला डोळ्यांपासून थोडं सोडवायचं असतं. पहिला व्यायाम नजर स्थिर ठेवण्याचा. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर दोन सेंटीमीटरचा एक 'क' चिकटवायचा, मीटरभर अंतरावर बसायचं, आणि अक्षरावरची नजर न हलवता मान डावी-उजवी, १५-२० अंश. मोबाइलवरच्या मेट्रोनोमच्या दर ठोक्याला मान एका टोकाला. मिनिटाला ६० ठोक्यांवर हा व्यायाम फक्त शिकण्यापुरता असतो, कारण इतक्या संथ गतीत डोळे नुसते मागे मागे जाऊनही काम भागवतात आणि कानाला काही करावंच लागत नाही. खरं काम १२० च्या पुढे. अक्षर अस्पष्ट होऊ लागेल त्याच्या जरा अलीकडचा वेग धरायचा. सुरुवातीला ३० सेकंद, मग मिनिट, दिवसातून चार-पाच वेळा. जुनाट त्रास असेल तर दिवसाची बेरीज २० मिनिटांपर्यंत न्यायची आणि निदान चार ते सहा आठवडे टिकवायची. चुका ठरलेल्या. मानेऐवजी धड वळवणं, टोकाला पापणी मिटणं, आणि बहुफोकल चष्म्याच्या खालच्या काचेतून बघणं. व्यायामाने थोडं गरगरायलाच हवं. दहापैकी चार-पाचपर्यंत, आणि वीस मिनिटांत शमलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत रेंगाळलं तर वेळ निम्मी करायची. अजिबात गरगरत नसेल तर वेग कमी पडतोय.

दुसरा व्यायाम कोपऱ्यातला. खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ, समोर जड लाकडी खुर्ची. प्लास्टिकची नको, ती माणसासोबत जाते. पावलं जवळ, मग अर्धी पुढे-मागे, मग एकासमोर एक. ३० सेकंद तीन वेळा जमलं की डोळे मिटायचे. तेही जमलं की फोम. डोळे किलकिले करून बघणारे खूप, त्यांना झोपताना लावायची पट्टी बांधावी लागते. श्वास रोखणं आणि पायाच्या बोटांनी जमीन पकडणं ही भीतीची लक्षणं. पुढचे-मागचे स्नायू एकदम ताठ झाले की माणूस खांबासारखा उभा राहतो आणि खांबासारखाच पडतो. अशा वेळी एक बोट भिंतीला नुसतं टेकवायला सांगतो. शंभर ग्रॅमहूनही कमी दाबाचा तो स्पर्श आधार देत नाही, पण शरीर कुठे झुकतंय याची खबर देतो, आणि झुलणं लगेच कमी होतं. काठीचं निम्मं काम हेच आहे. तिची मूठ उभं राहून हात सोडल्यावर मनगटाच्या रेषेशी यावी, आणि खालचं रबर गुळगुळीत झालं की बदलावं.

योग करणारे विचारतात, वृक्षासन चालेल का? चालेल, पण एका बिंदूवर खिळलेली नजर हाच त्याचा टेकू असतो आणि आम्हाला तोच टेकू काढायचा आहे. म्हणून वृक्षासनात मान हळूहळू वळवून पाहा. फरक तिथेच कळेल.

स्नायूंसाठी न्यूझीलंडमधल्या ओटागो कार्यक्रमाची घडी आम्ही वापरतो. आठवड्यातून तीनदा अर्धा तास ताकद आणि तोल, दोनदा चालणं. त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं आहे. खुर्चीतून हात न लावता उठणं, टाचा उचलणं, बाजूने चालणं, आठ आकडा काढत चालणं, यात काही नवल नाही. कंटाळा मात्र आहे. डोपामाइन हे शिकण्याचंही रसायन आहे, आणि ते थोडकं असताना 'बरं चाललंय' ही मोघम शाबासकी पोचत नाही, आकडा पोचतो. त्यामुळे कालनिर्णयाच्या चौकटीत रोजचे सेकंद लिहायला सांगतो. काल ७, आज ९.

गर्दीत बावरणाऱ्यांसाठी चौथ्या आठवड्यापासून हलती चित्रं. आधी बसून अर्धा मिनिट, धावत्या लोकलच्या खिडकीतून घेतलेला व्हिडिओ. मग उभं राहून, मग रेषारेषांच्या पडद्यासमोर चालत. घाई केली तर दोन दिवस मळमळ, आणि मग माणूस परत येत नाही.

घरात आम्ही फार बदल सांगत नाही, कारण सांगितलेल्या दहापैकी दोनच होतात. पलंगापासून संडासापर्यंत पायाशी मंद दिवा. मोरीतली फरशी कोरडी आणि कमोडजवळ भिंतीत बसवलेली दांडी, टॉवेलची नव्हे, ती वजन घेत नाही. उंबरठ्यावर रंगीत पट्टी. चप्पल मागे पट्टा असलेली. जाड मऊ तळवा आरामाचा वाटतो, पण तो पायाखाली फोम ठेवल्यासारखाच आहे, पायांची खबर बोथट करतो. पातळ, टणक तळवा तोलाला चांगला. मधुमेहाने तळपाय बधिर असेल तर मात्र उलट. तिथे जखम टाळणं आधी, एमसीआरची, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची, चप्पलच घालायची आणि तोलाची कसर काठीने भरायची. बहुफोकल चष्मा पायऱ्या उतरताना नको, बाहेर चालायला फक्त दूरचा.

सहाव्या आठवड्यात बहुतेक लोक व्यायाम सोडतात, कारण तोपर्यंत चक्कर थांबलेली असते. फेरबदलाचा वेग सुधारायला मात्र त्याहून जास्त काळ लागतो. बाराव्या आठवड्यात आम्ही त्याच चार चाचण्या, त्याच फोमवर, तेवढ्याच उजेडात घेतो. दुसरी आणि तिसरी बहुधा ३० पर्यंत पोचलेली असते. चौथी ७ वरून १८ झाली तरी आम्ही समाधानी असतो, आणि अनेकांची ती कधीच ३० होत नाही. त्यांनी अंधारात काठी घ्यायची, दिवा लावायचा, यावर तडजोड नाही. उलटे महिने म्हणत चालायला लागणारा वेळ शेवटी सुधारतो. मार्गशीर्षाला पाय थबकले नाहीत की पुढच्या वेळी कार्तिकापासून सुरुवात करायची.

आणि पिशवी पुन्हा उघडायची. तीन महिन्यांत तिच्यात एखादी नवी स्ट्रिप आलेली असतेच. विचारलं तर उत्तर येतं, "ती होय? ती काही औषध नाही हो, सर्दीची आहे."